चर्चमधल्या जुन्या ऑर्गनचा इतिहास कसा शोधावा आणि कसा लिहावा

ठाणे, कळवा, बेलापूर, पनवेल या पट्ट्यातील एखाद्या जुन्या चर्चची स्मरणिका निघायची ठरली की कमिटीच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते: "आपला ऑर्गन शंभर वर्षांपूर्वीचा आहे, त्याच्यावर दोन पाने येऊ द्या." ज्याच्याकडे हे काम येते तो बहुधा गायनवृंदातला कोणीतरी असतो. त्याच्या हातात पंधरा दिवस असतात आणि माहिती म्हणून तेवढे ते एक वाक्य असते. ठाण्याजवळच्या एका लहान चर्चसाठी हे काम मी दोनदा केले आहे. पहिल्यांदा ते चुकले आणि छापूनही आले. दुसऱ्यांदा ते मुळापासून केले. त्या दुसऱ्या खेपेला जी पद्धत बसली ती येथे देत आहे.

"शंभर वर्षांपूर्वीचा" हे विधान मुळात अपुरे असते, कारण अशा वाद्याला निदान तीन तारखा असतात. ते कोठे व कधी बनले ही पहिली, ते आपल्या चर्चमध्ये कधी आले ही दुसरी, आणि आज ते ज्या रूपात उभे आहे ते रूप त्याला कधी मिळाले ही तिसरी. या तिन्ही तारखा एकच असल्याचे मला अजून कोठेही आढळलेले नाही. त्या वेगवेगळ्या शोधाव्या लागतात आणि त्यांचे पुरावेही वेगवेगळ्या ठिकाणी असतात. पहिली तारीख बहुतेक वेळा वाद्यात सापडते, दुसरी कागदात, आणि तिसरी वाद्य, कागद व माणसांच्या आठवणी यांची सांगड घातल्यावर. म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा की आधी वाद्य, मग कागद. आठवणी मात्र पहिल्याच आठवड्यात टिपून घ्याव्यात, कारण रजिस्टर पुढच्या वर्षीही कपाटातच असेल, पण ऐंशी पार केलेल्या आजींच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही.

वाद्य कोणते आहे, हे आधी ठरवावे

मराठीत "ऑर्गन" हा एकच शब्द चार वाद्यांसाठी वापरला जातो, आणि निम्मा घोळ तेथेच होतो. संगीत नाटकाच्या साथीला जो ऑर्गन असतो, ती खरे म्हणजे पायपेटी: पायांनी भाता मारायचा आणि आत पितळी रीड, म्हणजे हवेने थरथरणारी पातळ पाती, वाजतात. चर्चमध्येही बहुधा हेच वाद्य असते, पण तेथे नळ्यांचा म्हणजे पाइप ऑर्गनही असू शकतो, फ्रेंच घडणीचे मोठे हार्मोनियम असू शकते, किंवा विजेवर चालणारे इलेक्ट्रॉनिक वाद्य असू शकते. ही चारही वाद्ये एकाच चर्चमध्ये एकामागून एक येऊन गेलेली असतात आणि मंडळीच्या आठवणीत त्यांचा मिळून एकच "आमचा ऑर्गन" झालेला असतो.

काही ठोकळ मर्यादा लगेच लावता येतात. अलेक्झांद्र दबॅं याने पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट १८४२मध्ये घेतले. त्यामुळे या घडणीची पेटी त्याआधीची आहे असे कोणी सांगितले, तर ते सोडून द्यावे. हॅमंडचा विद्युत ऑर्गन १९३५मध्ये बाजारात आला, म्हणजे त्या जातीचे काहीही त्याच्या आधीचे असणार नाही. फ्रेंच हार्मोनियममध्ये भाता रीडवर हवा ढकलतो, तर अमेरिकन पायपेटीत तो हवा ओढून घेतो. ती ओळखण्यासाठी वरचे झाकण उघडून, एक पट्टी दाबून, रीडच्या तोंडाशी टिश्यू कागदाची चिंधी धरावी. ती आत खेचली गेली तर वाद्य ओढीचे, म्हणजे बहुधा अमेरिकन घडणीचे आहे.

नळ्या दिसल्या म्हणून मात्र पाइप ऑर्गन आहे असे समजू नये. अमेरिकेतील कारखाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पायपेटीच्या डोक्यावर नक्षीदार रंगवलेल्या खोट्या नळ्या बसवून देत, म्हणजे चर्चमध्ये ती भारदस्त दिसे. खऱ्या पाइप ऑर्गनमध्येही दर्शनी रांगेतील काही नळ्या मुक्या असू शकतात. म्हणून टॉर्च घेऊन मागे जावे आणि नळ्यांच्या बुडाशी हवेची लाकडी पेटी आहे का, तिच्यात नळ्यांची पावले बसली आहेत का, ते पाहावे. पाइप ऑर्गन असेल तर मागे लहानमोठ्या नळ्यांचे रानच दिसते. त्यांतल्या कित्येक धातूच्या नसून चौकोनी लाकडी असतात, आणि नवख्या माणसाला त्या नळ्या वाटतच नाहीत.

डोळ्यांनी पाहणाराही कसा फसतो याचे एक जुने उदाहरण आपल्याकडेच आहे. १५८०च्या सुमारास हाजी हबीबुल्लाहने फिरंग्यांकडून आणलेला ऑर्गन अकबराच्या दरबारात दाखवला गेला, आणि त्याचे वर्णन त्या काळचा इतिहासकार बदायुनी याने करून ठेवले आहे. माणसाएवढी मोठी पेटी, आत बसून तारा छेडणारा एक युरोपियन, आणि बाहेर मोरपंखासारख्या पंखांना बोटे लावणारी दोन माणसे, असे ते वर्णन आहे. ऑर्गनमध्ये तारा नसतात. ज्यांना तो मोरपंख म्हणतो ते बहुधा भात्यांचे पंखे असावेत. तरीही वर्णन निरुपयोगी ठरत नाही, कारण हवा भरायला वेगळी माणसे लागत होती हे त्यातून कळते. आपल्या मंडळीतील आठवणीही अशाच वाचाव्या लागतात. सांगणारा काय समजला होता ते बाजूला ठेवून त्याने काय पाहिले ते वेचून घ्यावे.

उघडण्यापूर्वी

पाळकसाहेबांची किंवा फादरांची परवानगी लेखी घ्यावी, वीजजोडणी असेल तर ती बंद करावी आणि दोघांनी मिळून काम करावे, म्हणजे एकाला प्रकाश धरता येतो व दुसऱ्याला टिपणे काढता येतात. वर्षानुवर्षे बंद असलेल्या वाद्याचा भाता "बघू वाजतो का" म्हणून मारू नये. भात्याचे चामडे सुकून कागदासारखे झालेले असते, आणि पहिल्याच जोरात घडीवर फाटते. आमच्या हवेत जोड ज्या सरसाने चिकटवलेले असतात तो पावसाळ्यात सुटतो आणि उन्हाळ्यात ठिसूळ होतो. त्यामुळे तपासणीचे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात काढलेले बरे.

धातूच्या नळ्या कथील व शिसे यांच्या मिश्रणाच्या असतात. त्या इतक्या मऊ असतात की अंगठ्याच्या दाबाने पोचा पडतो. त्यांना हात लावायचाच असेल तर पायाशी धरावे, तोंडाच्या फटीजवळ बोट नेऊ नये, कारण नळीचा आवाज त्या फटीच्या घडणीवरच ठरतो. नळीवर पांढरी पूड आलेली दिसली तर ती फुंकू नये आणि झटकू नये. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे असे गंजते आणि ती पूड विषारी असते. हात साबणाने धुतल्याशिवाय चहा घेऊ नये, हे लहान मुलांना सांगितल्यासारखे वाटेल, पण तपासणीला मदत करायला आलेल्या युवकसंघाच्या मुलांना मला ते प्रत्येक वेळी सांगावे लागले आहे.

वाद्य वाचावे कसे

पहिल्यांदा जी चूक झाली ती येथेच झाली. पट्ट्यांच्या वर एक पितळी पाटी होती. तीवर कोणाच्या तरी स्मरणार्थ हा ऑर्गन अर्पण केल्याचा मजकूर व साल होते. मी ते साल वाद्याच्या जन्माचे म्हणून छापून मोकळा झालो. काही वर्षांनी दुरुस्तीसाठी खालची फळी काढली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ निघाली. त्या ओळीतले साल पाटीच्या सालाच्या एकोणीस वर्षे आधीचे होते आणि खाली दुसऱ्याच एका गावाचे नाव होते. वाद्य आधी दुसऱ्या चर्चमध्ये वाजत होते, तेथून विकत घेतले गेले, आणि ज्या कुटुंबाने पैसे दिले त्यांनी पाटी लावली. पाटी खोटे बोलत नव्हती. ती देणगीचे साल सांगत होती आणि मी तिला दुसराच प्रश्न विचारला होता.

म्हणून वाद्यावरच्या प्रत्येक अक्षराला आधी विचारावे की ते कोणी लिहिले आणि कशासाठी. दर्शनी फळीवर सोनेरी अक्षरांत असलेले नाव कारखान्याचे असेल किंवा ज्या दुकानाने विकले त्याचेही असेल. मुंबईतले वाद्यविक्रेते परदेशातून आलेल्या पेट्यांवर स्वतःचे नाव घालून देत. दुकानाच्या नावाखाली फक्त मुंबईचा पत्ता असेल तर संशय घ्यावा आणि कारखान्याची खूण आत शोधावी. अमेरिकन पायपेट्यांवर अनुक्रमांक छापलेला असतो. तो मागच्या फळीवर, रीडच्या पेटीवर किंवा शेवटच्या पट्टीच्या कडेला सापडू शकतो. व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कारखान्याने पाच लाखांहून अधिक पायपेट्या बनवल्या आणि तो १९६०मध्ये बंद पडला. अशा मोठ्या कारखान्यांच्या अनुक्रमांकांवरून बनावटीचे साल एकदोन वर्षांच्या अंतराने ठरवता येते. कारखान्याचा इतिहास ही दुसरी कात्री. उदाहरणार्थ, इंग्लंडमधील हल शहराच्या फॉर्स्टर अँड अँड्र्यूज या ऑर्गन बनवणाऱ्यांनी १८४३मध्ये काम सुरू केले. म्हणून त्यांची पाटी असलेले वाद्य त्याआधीचे असूच शकत नाही, मग मंडळीची परंपरा काहीही सांगो.

पाइप ऑर्गन असेल तर स्टॉपच्या, म्हणजे एकेका जातीच्या नळ्यांचा संच चालूबंद करणाऱ्या, सर्व खुंट्यांची नावे, आहेत त्याच क्रमाने, स्पेलिंगसकट उतरवून घ्यावीत आणि फोटोही काढावेत. ओपन डायपेसन, डल्सियाना, प्रिन्सिपल अशा नावांपुढे ८, ४, १६ असे आकडे असतात. ते फुटांचे आकडे आहेत. आठ फुटी स्टॉपमध्ये सर्वांत खालच्या सा-ची, म्हणजे इंग्रजी सी-ची, उघडी नळी साधारण आठ फूट लांब असते. चार फुटी स्टॉप एक सप्तक वर वाजतो आणि सोळा फुटी एक सप्तक खाली. वरचे टोक बंद केलेली नळी निम्म्या लांबीत तोच सूर देते, त्यामुळे बुटक्या जागेत बसवलेल्या लहान ऑर्गनमध्ये खर्जासाठी बंद लाकडी नळ्या असतात. खुंट्यांपैकी एकीचे अक्षर किंवा हस्तिदंताचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला, तर तो स्टॉप नंतर बसवला किंवा बदलला गेला असे समजण्यास जागा आहे, आणि आपल्या तिसऱ्या तारखेचा पहिला धागा तेथे मिळतो.

नळ्यांच्या अंगावर कारागिरांनी कोरलेली स्वराक्षरे असतात. एका स्टॉपच्या सर्व नळ्यांवरचे हस्ताक्षर एकच आहे का, ते पाहावे. मध्येच हस्ताक्षर बदलले तर तेवढ्या नळ्या बदललेल्या आहेत. लाकूड कोणते, हेही नोंदवावे. उष्ण प्रदेशासाठी मुद्दाम बनवलेल्या वाद्यांत सागवान वापरलेले असते, आणि सरसावर भरवसा न ठेवता जोड पितळी स्क्रूंनी आवळलेले असतात. ही लक्षणे असतील तर वाद्य पहिल्यापासून आपल्याकडच्या हवेसाठी घडले होते. साधे पाइन लाकूड व नुसता सरस असेल, तर ते बहुधा तिकडच्या एखाद्या चर्चमधून जुने म्हणून आलेले असते, आणि वाळवीने त्याचे काय केले असेल ते सांगायला नको.

सुराची उंची हाही पुरावा आहे, पण तो फार सांभाळून वापरावा लागतो. फ्रान्सने १८५९मध्ये मधल्या ए-ची कंपने सेकंदाला ४३५ ठरवली. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियन काळात हा सूर ४५२च्या आसपास चढला होता आणि १८९६मध्ये तो ४३९वर आणला गेला. आजचे ४४० हे प्रमाण १९३९च्या लंडन परिषदेतून आले. तेव्हा वाद्याचा सूर ४५०च्या वर लागला तर ते जुन्या इंग्रजी सुरातले असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हवा तापली की तिच्यातला आवाजाचा वेग वाढतो, आणि त्याबरोबर नळीचा सूरही चढतो. वीस अंश सेल्सियसला ४४० देणारी नळी तीस अंशांना जवळजवळ ४४८ देते. इंग्रजांचे ४३९ हेदेखील पंधरा अंशांचे फ्रेंच ४३५ वीस अंशांच्या हिशेबाने चढवून काढलेले आहे. ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी मोबाइलवरच्या ट्यूनरने घेतलेला आकडा तापमान लिहिले नसेल तर कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा असतो. मोजणी सकाळी करावी, नळ्यांजवळ तापमापक ठेवावा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. पायपेटीच्या पितळी रीडवर तापमानाचा असा परिणाम जवळपास होत नाही, त्यामुळे तिचा सूर जास्त भरवशाचा असतो; मात्र कोणी रीड घासून सूर बदलला आहे का, हे त्यांच्यावरच्या ताज्या ओरखड्यांवरून तपासावे.

भाता मारणाऱ्याचा पगार

या एका गोष्टीसाठी स्वतंत्र जागा देतो, कारण मला स्वतःला सर्वांत जास्त माहिती येथून मिळाली. विजेचा पंखा येण्यापूर्वी पाइप ऑर्गनला हवा भरायला एक माणूस लागे. तो बाजूच्या किंवा मागच्या दांड्याने भाता वरखाली करी. भात्यात हवा किती आहे ते दाखवायला दोरीला बांधलेले एक लहान वजन असे, आणि ते ठरावीक खुणेपलीकडे सरकू न देणे हे त्याचे काम. वाजवणाऱ्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत येई. याचे नाव कोठेही येत नसे. परंतु याला महिन्याला पैसे द्यावे लागत आणि म्हणून तो जमाखर्चाच्या वहीत असतो.

वही चाळताना ऑर्गन हा शब्द शोधण्यापेक्षा "ब्लोअर", "बेलोज बॉय" किंवा नुसते "भाता" अशी नोंद शोधावी. ती ज्या महिन्यात पहिल्यांदा दिसते त्या सुमारास वाद्य वाजू लागले. ती मध्येच चारसहा महिने नाहीशी झाली तर वाद्य बंद होते, आणि त्याच काळात चामडे, सरस, सुतार किंवा मुंबईहून आलेल्या ट्यूनरचे रेल्वेभाडे अशा नोंदी आहेत का, हे पाहावे. ती कायमची थांबली आणि विजेचे बिल वाढले तर मोटार बसली. ती थांबली आणि विजेचे बिल तसेच राहिले, तर पाइप ऑर्गन जाऊन त्याच्या जागी पायपेटी आली असण्याची शक्यता मोठी, कारण पायपेटीत वाजवणाराच भाता मारतो. १ एप्रिल १९५७पूर्वीचे हिशेब रुपये, आणे व पै यांत असतात. वहीची पाने सुटी झाली असतील आणि वर्ष दिसत नसेल, तर आणे दिसतात की नवे पैसे, एवढ्यावरूनही पान कोणत्या बाजूचे ते ठरते.

दांड्याच्या शेजारची भिंत व लाकूडही नीट पाहावे. लांबलचक प्रवचनाच्या वेळी या माणसाला काही काम नसे, आणि कंटाळलेल्या हाताने तेथे नावे, तारखा, कधी एखादे चित्रही कोरलेले असते. आम्ही तपासलेल्या वाद्यात तेथे दोन मुलांची आद्याक्षरे आणि क्रिकेटच्या स्टंपसारखे काहीतरी होते. ते पुसून पॉलिश करायचा बेत आम्ही वेळीच थांबवला.

कागद कोठे असतात

चर्च कोणत्या परंपरेचे आहे यावर कागदांचा प्रवास ठरतो. ठाण्यात कॅथलिक आणि अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, अशा दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या आहेत. पोर्तुगीज काळातल्या कॅथलिक वसाहतीवर १७३७मध्ये मराठ्यांचा अंमल आला आणि १७७४मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले. त्यानंतर छावणीतल्या इंग्रजांसाठी सेंट जेम्स चर्च बांधले गेले, आणि १८२५मध्ये बिशप हेबर यांनी त्याचे समर्पण केले. येथे जुन्या सामानाविषयी एक सावधगिरी सांगतो. वसईच्या मोहिमेतल्या पोर्तुगीज घंटा आजही आपल्या देवळांत वाजतात, नाशिकची नारोशंकराची घंटा तर म्हणीत जाऊन बसली आहे. म्हणून पोर्तुगीज काळचा ऑर्गनही कोठेतरी तसाच टिकला असेल असे पुष्कळांना वाटते. घंटा ओतीव धातूची असते. लाकूड, चामडे व सरस यांचा ऑर्गन कोकणच्या पावसात तीन शतके काढील, हा दावा पुराव्याशिवाय मुळीच छापू नये.

अँग्लिकन चर्च असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी. १९३०पर्यंत हे चर्च सरकारशी जोडलेले होते. चॅप्लेनला, म्हणजे छावणीच्या पाळकाला, सरकारी पगार मिळे. इमारतीचे बरेच काम सरकारी खात्यांतून जाई. त्यामुळे त्या काळचा पत्रव्यवहार चर्चच्या कपाटात न सापडता मुंबईच्या पुराभिलेख विभागात, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, धार्मिक खात्याच्या बाडांत सापडू शकतो. मागणीपत्रावर "ऑर्गन" न लिहिता खाते, गाव आणि वर्षांचा पट्टा लिहावा, कारण सूची वाद्याच्या नावाने केलेली नसते. मुंबईच्या धार्मिक नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही आहेत, पण त्या मुख्यतः बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या आहेत. वाद्य त्यांत शोधू नये. १९३०नंतरचे कागद मुंबई डायोसीसकडे, म्हणजे बिशपच्या कार्यालयाकडे, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यानंतरचे त्या व्यवस्थेत असतात. या दोन वळणांवरच बहुतेक वह्या गहाळ झालेल्या असतात. कॅथलिक चर्चमध्ये वळण वेगळे आहे: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या पुढे, मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लोकभाषेत होऊ लागली, गिटार व ढोलकी आली आणि जुने वाद्य माळ्यावर गेले. तेथे वाद्य केव्हा आले त्यापेक्षा केव्हा गप्प झाले, हे शोधणे सोपे जाते.

वर्तमानपत्रे विसरू नयेत. "ज्ञानोदय" १८४२पासून निघत आले आहे आणि मिशनच्या चर्चमधील नव्या वाद्यांच्या, देणग्यांच्या बातम्या शोधायला ते चांगले ठिकाण आहे. ठाण्यातून १८६६पासून "अरुणोदय" निघत असे. जुनी मराठी पत्रे व स्थानिक माहिती यांसाठी १८९३मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आधी जाऊन चौकशी करावी. मुंबईची लोकल पकडण्यापूर्वी रिक्षाने होणारे काम उरकून घ्यावे. वाद्य इंग्लंडमधून जुने म्हणून आले असेल, तर तिकडे ब्रिटनमधील पाइप ऑर्गनांची नॅशनल पाइप ऑर्गन रजिस्टर नावाची सूची आहे, आणि तेथील मूळ चर्चच्या नोंदीत आपले वाद्य विकले गेल्याचा उल्लेख मिळू शकतो. शोधताना स्टॉपची यादी हाताशी असावी, कारण वाद्य ओळखले जाते ते त्या यादीवरूनच.

माणसांना काय विचारावे

"ऑर्गन कधी आला?" असे विचारू नये. या प्रश्नाला कोणीही "पूर्वीपासून आहे" असेच उत्तर देते. त्यांच्या आयुष्यातल्या नोंद झालेल्या दिवसाला धरून विचारावे. आमच्या मंडळीतल्या एका आजींशी झालेले बोलणे जसेच्या तसे देतो.

"आजी, तुमच्या लग्नात ऑर्गन वाजला होता का हो?"

"वाजला म्हणजे? मी आत येताना बंदच पडला ना मध्येच! मिसबाई पाय मारून मारून दमल्या. सगळे हसत होते, आणि मी तशीच उभी."

"मिसबाई स्वतः पाय मारत होत्या? मागे भाता मारायला कोणी नव्हतं?"

"मागे कुठं रे, मागे तर भिंत होती. तो भात्याचा मोठा माझ्या आईच्या लग्नात होता. आई सांगायची."

एवढ्या चार वाक्यांत दोन वाद्ये वेगळी झाली, आणि दोन्हींना तारखेची मर्यादा मिळाली, कारण आजींचा आणि त्यांच्या आईचा, दोघींचाही विवाह त्याच चर्चच्या रजिस्टरमध्ये दिवसासकट नोंदलेला होता. पाइप ऑर्गन आईच्या लग्नापर्यंत नक्की होता, आणि मुलीच्या लग्नापूर्वी पायपेटी आली होती. मधल्या वर्षांत भाता मारणाऱ्याच्या पगाराची नोंद कोठे थांबते, तेवढेच पाहायचे उरले, आणि ती थांबलेली सापडली. बोलणे रेकॉर्ड करण्यापूर्वी आजींना विचारून घ्यावे, आणि त्यांचे नाव छापायचे की नाही हेही त्यांनाच ठरवू द्यावे.

लग्नाचे जुने फोटो मागावेत. वधूवरांच्या मागे कोपऱ्यात अर्धवट दिसणारी लाकडी कड मला दोनदा उपयोगी पडली. एकदा तिच्यावरून वाद्य वेदीच्या उजवीकडून डावीकडे हलल्याचे कळले, आणि ते का हलले याचे उत्तर गळणाऱ्या कौलांच्या दुरुस्तीच्या बिलात मिळाले.

लिहिताना

लेखाची सुरुवात परंपरेने सांगितलेल्या सालाने न करता वाद्याच्या वर्णनाने करावी: ते आज कोठे उभे आहे, किती उंच आहे, किती स्टॉप आहेत, किती वाजतात. त्यानंतर तीन तारखा, प्रत्येकीसमोर ती कशावरून काढली ते. "पाटीवरून", "जमाखर्चाच्या वहीवरून", "आजींच्या सांगण्यावरून व विवाह रजिस्टरवरून" एवढे शब्द पुरेत. जेथे नेमके साल मिळत नाही तेथे दोन सालांच्या मधला काळ द्यावा. कमिटीला एकच साल हवे असते आणि ती आग्रह धरते, पण तेथे नमते घेऊ नये. शताब्दीचा समारंभ ठरवायचा असेल तर तो कमिटीने वाद्याच्या आगमनावर ठरवावा, लेखातला मजकूर मात्र समारंभासाठी वाकवू नये. देणगीदारांच्या कुटुंबांना मसुदा आधी दाखवावा. आमच्या पहिल्या लेखातील चूक दुरुस्त करताना सर्वांत अवघड काम तेच होते, कारण पाटीवरचे कुटुंब आजही तिसऱ्या बाकावर बसते.

छापील लेखात न मावणारी सामग्री, म्हणजे खुंट्यांची पूर्ण यादी, मोजलेले सूर व तापमान, पेन्सिलीच्या ओळींचे फोटो, एका फाइलमध्ये बांधून चर्चच्या दफ्तरात ठेवावी आणि एक प्रत ग्रंथसंग्रहालयाला द्यावी. दुसरी एक लहान प्रत, साध्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेली, पाकिटात घालून वाद्याच्या खालच्या फळीच्या आतल्या बाजूला पिनांनी टोचून ठेवावी. चिकटवू नये, कारण खळीला कसर लागते. भात्यापासून ती दूर असावी, आणि पाकिटावर तपासणीची तारीख व त्या दिवशीचे तापमान लिहिलेले असावे. पुढचा दुरुस्त करणारा फळी काढील, तेव्हा ती त्याच्या हाती पडेल.